पुस्तकाची पलीकडची बाजू

जुईला वाचता येत नाही, असा निरोप तिच्या शाळेनं माझ्या मुलाला धाडला आणि त्यानं तो मला फोनवर ऐकवला. जुई माझी नात. सांगलीला तिसरीत आहे. मी छत्तीस वर्षं कराडच्या आसपासच्या शाळांत पहिली-दुसरीच्या पोरांना वाचायला शिकवलं आणि आता मलकापुरात निवांत तोंडल्याचा वेल चढवत बसले होते. निरोप ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. येत नाही हे ठरवलं कुणी, आणि कशावरून?

तर मोबाइलवरून. मॅडम मोबाइलवर घड्याळ लावतात, पोर एक मिनिट वाचतं, मग शब्द मोजतात. जुईचे शब्द कमी भरले. दुसऱ्या वेळी आणखी कमी. तिसऱ्या वेळी तिनं तोंडच उघडलं नाही, आणि दिवाळीपासून आजतागायत ती कुणासमोर एक अक्षर मोठ्यानं वाचत नव्हती. शाळेत नाही, घरी नाही. येत्या शनिवारी शेवटची चाचणी होती. तेव्हाही गप्प बसली तर तिला मागे पडलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात बसवणार होते. माझी सून रेणुका रडकुंडीला आली होती. "आई, तुम्ही याच," एवढंच म्हणाली.

निघताना मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तळाशी, दोन लुगड्यांच्या घडीत, पहिलीचं मराठीचं पुस्तक आहे. माझ्या थोरल्या भावाचं. वरचं पान गेलंय, कोपरे झिजून गोल झालेत. मी ते नाकाशी धरलं. जुन्या पुस्तकाला जुन्या कागदाचा वास येतो म्हणतात. ह्याला ज्वारीच्या पिठाचा येतो, आणि मागून थोडा धुराचा. अजून येतो. तुम्हाला पटो न पटो.

एसटीत पुस्तक मांडीवर उघडलं तर शेजारची बाई म्हणाली, "मावशी, पुस्तक उलटं धरलंय तुमी." मी म्हटलं, "असू दे, मला असंच येतं." ती बिचारी खिडकीबाहेर बघायला लागली. म्हातारीचं काहीतरी बिनसलंय असं तिला वाटलं असणार. पण मी तिला खरं तेच सांगितलं होतं.

माझं बालपण माधवनगरचं. गिरणीच्या कामगारांच्या खोल्या होत्या, एका ओळीत बारा दारं आणि पुढे सलग ओटा. भोंगा हेच आमचं घड्याळ. माझे वडील, आबा, मागावर होते. पहिली पाळी सुटली की तीनच्या भोंग्यानंतर घरी येत, तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानावरच्या केसांवर कापसाची पांढरी लव बसलेली असायची. अंगाला खळीचा वास, यंत्राच्या तेलाचा वास. कान दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून बधिर झालेले, म्हणून ते घरात सुद्धा ओरडूनच बोलत. आम्हाला वाटायचं वडील लोक असेच बोलतात.

आबा हातपाय धुऊन ओट्यावर बसत आणि दादाला हाक मारत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वसंत. पुस्तक दादाच्या मांडीवर, आबा त्याच्या शेजारी, आबांचं जाड बोट शब्दाखाली. मी समोर. माझ्या मांडीवर सूप आणि सुपात तांदूळ. पोरीच्या हाती पुस्तक द्यायची तेव्हा पद्धत नव्हती, सूप द्यायची होती. मला शाळेत घालायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पण समोर बसलेल्या पोरीच्या डोळ्यांवर तर कुणी फडकं बांधलं नव्हतं ना. मला पुस्तक दिसायचं ते उलटं. दादाला अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी रेघेला लटकलेली दिसत. मला तीच अक्षरं रेघेवर उभी दिसत, ओट्यावर ओळीनं बसलेल्या बायकांसारखी. पहिली ओळ माझ्या गुडघ्याशी, शेवटची दादाच्या पोटाशी. बोट चालायचं उजवीकडून डावीकडं. मी खडे वेचत राहायचे आणि बोटाबरोबर डोळे चालवत राहायचे. जगात सगळे असेच वाचतात अशी माझी ठाम समजूत होती.

दादा मात्र वाचतच नव्हता. तो पाठ म्हणून दाखवायचा. नजर समोरच्या कडुलिंबावर, खारीकडं. आबांनी पान उलटायच्या आधीच हा पुढच्या पानावर पोचलेला असायचा, आणि आबा खूश, की पोरगं कसं घडाघडा वाचतंय. एके दिवशी मला राहवलं नाही. सुपातून मान वर न काढता म्हटलं, "बोट बदकावर हाय, त्यो इहिरीचं म्हनतोय." आबांनी माझ्याकडं बघितलं, दादाकडं बघितलं, आणि मला विचारलं, "तांदूळ झालं का निवडून?"

आबा वाईट नव्हते. घडाघडा म्हणजे वाचन, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, बस. तेच आज जुईच्या मॅडमना कुणीतरी सांगितलंय. मध्ये पन्नासाहून जास्त वर्षं गेली आणि बोट अजून बदकावरच आहे.

सातव्या वर्षी आईनं हट्टानं मला शाळेत घातलं. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी पुस्तक पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, काय येतंय का बघ. मी पुस्तक फिरवून घेतलं, उलटं केलं, आणि वाचलं. बदक वाचलं, विहीर वाचली. गुरुजींना वाटलं पाठ आहे. त्यांनी मधलंच पान काढलं. तेही वाचलं. मग त्यांनी पुस्तक सरळ केलं आणि म्हणाले, "आता वाच." मी अडकले. ओळखीची माणसं एकदम डोक्यावर उभी राहिली तर तोंडं कशी ओळखायची? सगळा वर्ग हसला. शाईचा, ओल्या पाटीचा आणि सतरंजीच्या धुळीचा वास येत होता, आणि हसणं. आजही सतरंजी झटकली की मला ते हसणं ऐकू येतं. गुरुजींनी वहीत लिहिलं, वाचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. भाकरी थापता थापता उठून आली होती, कोपरापर्यंत पीठ. आई स्वतः अंगठेबहाद्दर. गुरुजींसमोर उभी राहून म्हणाली, "आवं गुरुजी, पोरीनं वाचलं का न्हाई, एवढं सांगा."

"वाचलं. पण पुस्तक उलटं धरून."

"मंग उलटं धरून येतंय म्हंजी जास्तच येतंय की."

"बाई, परीक्षेत असं चालत नाही."

"परीक्षा तुमची हाय. डोळं तिचं हायती," आई म्हणाली, आणि हाताचं पीठ झटकून निघून आली. गुरुजींच्या टेबलावर पांढरे कण पडले ते त्यांनी फुंकरीनं उडवले. मी पाहत होते. त्या दिवशी माझी मान जी वर झाली ती पुढं कुणासमोर फारशी खाली गेली नाही, आणि त्याबद्दल मला आजवर पुष्कळ ऐकूनही घ्यावं लागलंय.

सरळ वाचायला मला चार-पाच महिने लागले. गुरुजींनी शिकवलं, नीट शिकवलं, त्यांचं श्रेय त्यांना. पण उलटं विसरले नाही, आणि त्याला कारण आई.

आई डबे करायची. गिरणीत एकटे राहणारे, गावाकडं बायकापोरं ठेवून आलेले नऊ जण होते, त्यांचे नऊ डबे. दोन्ही वेळच्या भाकरी, कालवण, लसणाची चटणी. भुश्याची शेगडी दाबून भरायची, ती चार तास चालायची. शेगडीच्या ह्या अंगाला आई आणि तिची लाकडी काठवट, त्या अंगाला मी. शाळा सुटली की मी तिथं बसून धडा वाचायचे. गुरुजींच्या त्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत ती म्हणाली, "मला बी दाव की गं."

"आई, तिकडं येऊ का बसायला?"

"हितं जागा कुठाय? तू तिथंच बस. पुस्तक माझ्याकडं तोंड करून ठेव. तुला उलटं येतंयच की."

एवढं सरळ होतं ते. पाटावर पुस्तक, तोंड आईकडं. तिला सरळ, मला उलटं. मी समोरून काडीनं दाखवायचे आणि ती बघायची. जी गोष्ट शाळेत माझी खोड होती, तिच्यामुळं आईला आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक तिच्या बाजूला तोंड करून मिळालं. माझ्याशिवाय हे कुणाला जमलं नसतं, हे मी फुशारकीनं सांगते. फुशारकीची जागा आहे ती.

आईला आधी अक्षर नाही कळलं. आधी थाप कळली. भाकरी थापताना ती शब्द म्हणायची आणि हात त्याच्याबरोबर पडायचा. भा, क, री. तीन थापा. मा, ध, व, न, गर. "ह्यो लांबडा हाय," म्हणायची. शब्दाचे असे तुकडे पडतात हे तिच्या हाताला समजलं, मग एकेका तुकड्याचं चित्र कसं असतं ते मी काठवटीतल्या पिठात बोटानं काढून दाखवायचे, तेही तिच्या बाजूनं. ती बोट फिरवून गिरवायची. मग त्याच पिठात पाणी घालून मळायची, कारण डबे थांबत नसत. गिरणीतल्या नऊ माणसांनी त्या वर्षी किती अक्षरं खाल्ली असतील, त्यांना पत्ता नाही.

पुढं मी नोकरीला लागले तेव्हा एका प्रशिक्षणात मोठ्या साहेबांनी सांगितलं की मुलांना आधी शब्दातले आवाज ऐकू यायला हवेत, मग अक्षर. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी नाही घेतलं. मला डोळ्यांसमोर शेगडी दिसत होती. पण वर्गात मी पोरांना मांडीवर थापा मारायला लावायचे, आणि शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायच्या की तुमच्याकडं भाकरी बडवल्यासारखा आवाज येतो. मी म्हणायचे, तेच चाललंय.

आबा तिला चिडवायचे. "आता काय मामलेदार हुतीस का?"

"झाले तर आधी तुमचाच डबा बंद करीन," आई म्हणायची. आबा हसायचे, पण पुस्तक पाटावरून कधी उचललं नाही त्यांनी.

सुट्टे शब्द आले, मग दोन शब्द जोडून आले. आणि एका दुपारी आईनं पहिलं अख्खं वाक्य वाचलं. पान मला पाठ आहे. चित्रात एक बाई पदर घेऊन दारात उभी आणि एक माणूस पिशवी घेऊन निघालेला. खाली छापलेलं, आई घरी असते. बाबा कामावर जातात. आईनं थापा मारत वाचलं. आई. घ, री. अस, ते. मग सगळं एका दमात. मला वाटलं आता ही हसेल. ती हसली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती त्या ओळीकडं बघत राहिली.

"ह्ये कुनी लिवलं?"

"छापलंय आई ते."

"छापलं म्हनून खरं आसतंय व्हय? ही बाई घरी नुसती आसतीया? मंग नऊ डबं कोन करतंय, तिचा बा?" करपलेली भाकरी तिनं बाजूला काढली. हात पदराला पुसला. "पेन्सिल दे."

तिला लिहिता येत नव्हतं अजून, नुसतं गिरवता येत होतं. तिनं 'घरी असते'वर आडवी रेघ मारली. मी पिठात 'डबे करते' काढून दाखवलं आणि तिनं बघून बघून ते वर उतरवलं. दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी 'डबे' झालं, दुसऱ्या दिवशी 'करते'. 'करते'तला र एवढा मोठा झाला की तो चित्रातल्या बाईच्या पदरात शिरला. आबांनी पाहिलं तेव्हा ते आपल्या गिरणीच्या आवाजात ओरडले, "फुस्तकात लिवत्यात व्हय?"

"चुकीचं हुतं. दुरुस्त केलं," आई म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

मी पुढं वाचनावरची पुष्कळ भाषणं ऐकली. अक्षर ओळख, उच्चार, गती, आकलन. सगळं बरोबर आहे, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या लेखी वाचन त्या दुपारी झालं, जेव्हा वाचणारीनं लिहिणाऱ्याला विचारलं की तू हे कशावरून म्हणतोस. त्याच्या आधीची सगळी नुसती तयारी.

त्या दिवसांचे आवाज माझ्याजवळ अजून आहेत. तीनचा भोंगा. डब्यांच्या कड्या लावल्याचा खटखट आवाज, एकामागून एक नऊ वेळा. पावसाळ्यात ओल्या सरकीचा कुबट वास, आणि माघात वारा सांगलीकडून आला की त्यात हळदीचा वास. शेजारच्या खोलीतला म्हातारा बशीतून चहा ओढायचा तो आवाज. लिंबाच्या पिवळ्या पानांचा ओट्यावर सडा. आई दुपारी डबे गेले की पाय पसरून बसायची आणि पुड्याचा कागद, वाण्याची पिशवी, हाती लागेल ते वाचायची, हळूहळू, मांडीवर थापा मारत. तिला गती कधीच आली नाही. शेवटपर्यंत नाही. दादा पुढं फौजेत गेला, त्याचं पत्र यायचं तेव्हा पोस्टमन म्हणायचा, "द्या वहिनी, मी पटकन वाचून दावतो." आई म्हणायची, "माझं पत्र हाय. मला पटकन नको हाय."

आणि मग ती सकाळ आली. पहिल्या पाळीचा भोंगा झाला नाही. गिरणीच्या फाटकावर कागद लागला होता. सगळे धावले. पुरुषांनी कागद भराभरा वाचला, आणि गलका सुरू झाला. कुणी म्हणे आठ दिवस, कुणी म्हणे दुरुस्ती आहे, कुणी म्हणे दिवाळीच्या आत उघडणार, मी वाचलंय ना. बायका त्या फाटकाशी कधी जात नसत. आई गेली. तिनं मला हाताला धरलं होतं. ती कागदासमोर उभी राहिली आणि पहिल्या शब्दापासून सुरू झाली, हलक्या आवाजात, उजव्या हातानं मांडीवर थापा मारत. मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, संध्याकाळ हुईल." तिनं मान वळवली नाही. शेवटच्या शब्दापर्यंत गेली. मग परत वर गेली आणि पुन्हा एकदा खाली आली.

मग आबांना म्हणाली, "ह्यात परत कवा उघडनार, ते कुठं लिवलंय?"

आबांनी पाहिलं. शेजारच्यांनी पाहिलं. कुठंच लिहिलेलं नव्हतं. "लिवायचं राहिलं आसंल," आबा म्हणाले.

"राहिलं न्हाई. उघडायचं न्हाई म्हनून लिवलं न्हाई," आई म्हणाली. गलका थांबला. मला आठवतं, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की लिंबावर एवढी पाखरं आहेत. एरवी मागांच्या आवाजात ती ऐकू येत नसत.

नऊ डब्यांचे सहा झाले, मग तीन झाले. खोल्यांना कुलपं लागत गेली. आमचं दार शेवटून दुसरं बंद झालं. सामानात आईनं काठवट घेतली आणि ते पुस्तक घेतलं.

मी शिक्षिका झाले ती अशी समोर बसणारी. पोराच्या मांडीवर पुस्तक, पोराकडं तोंड करून, आणि मी पलीकडं. मी ते कधी हातात घेत नसे, कारण हातात घेतलं की ते बाईंचं होतं. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि म्हणाले, बाई, फळ्यापाशी उभं राहून शिकवा, असं पोरांसमोर खाली बसलेलं बरं दिसत नाही. मी म्हटलं, साहेब, तुम्हीही बसा. ते बसले नाहीत. मी उठले नाही. त्यांनी शेरा मारला, तो मी कधी वाचलासुद्धा नाही.

असो. शुक्रवारी दुपारी मी जुईला रिक्षात घातलं आणि माधवनगरला नेलं. रेणुका म्हणाली, उद्या चाचणी आहे, सराव नको का? मी म्हटलं, सरावालाच चाललोय. खोल्या आता नाहीत. तिथं एक गोदाम आहे आणि पुढं मोकळी जागा. ओट्याचा एक तुकडा मात्र राहिलाय, हातभर उंच, त्यावर कुणीतरी पाण्याची पिंपं ठेवलीत. लिंब आहे. मी पदरानं ओटा पुसला, जुईला बसवलं, तिच्या मांडीवर ते पुस्तक ठेवलं आणि समोर एका दगडावर बसले.

"मला वाचायचं नाहीये," जुई म्हणाली.

"तू नको वाचूस. मी वाचते. तू फक्त बघ, मी कुठं चुकते का."

मी वाचायला लागले. दोन ओळी झाल्या. मग तिनं पुस्तकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, उठून माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि परत जागेवर जाऊन बसली.

"आजी, तुला उलटं दिसतंय."

"हो."

"तरी येतंय?"

"मी इथूनच शिकले. तू बसलीस तिथं माझा दादा बसायचा."

मी वाचत गेले आणि मुद्दाम बदकाच्या जागी विहीर म्हटलं. तिनं बोट ठेवलं. "बदक आहे," म्हणाली. मोठ्यानं. मी काही चेहऱ्यावर दाखवलं नाही, पण आतून मला धाय मोकलून रडावंसं वाटलं. मग मी आणखी चुकले. ती आणखी दुरुस्त करत गेली. मांडीवर थापा मारायला मी तिला सांगितलं नव्हतं, मी मारत होते ते बघून तिचाही हात पडायला लागला. असं करत आम्ही त्या पानावर आलो.

"आई," जुईनं वाचलं. मग अडली. "हे कुणी खोडलंय?"

"तुझ्या पणजीनं."

"पुस्तकात खोडायचं असतं?"

"चुकीचं छापलं असेल तर."

तिनं खोडलेलं वाचलं, वरचं वाचलं. आई, डबे, करते. त्या मोठ्या र वरून बोट फिरवलं. "पण पुस्तकात चुकीचं कसं असेल?" तिनं विचारलं. मी तिला नऊ डबे सांगितले, फाटकावरचा कागद सांगितला, पीठ सांगितलं. ती ऐकत होती आणि पिंपातून पाणी ठिबकत होतं. गोदामाचा राखणदार येऊन विचारून गेला की मावशी, कुणाकडं आलाय? मी म्हटलं, आमच्या घरी.

शनिवारी शाळेत पालकांची रांग. मॅडम तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, पन्नास पोरांचा वर्ग. त्यांच्यावर माझा राग टिकेना. मी फक्त म्हटलं, "मॅडम, मी तिच्या समोर बसले तर चालेल?" त्या म्हणाल्या, बसा की. जुईच्या पुढ्यात त्यांनी एक छापलेला कागद ठेवला आणि मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं. आकडे पळायला लागले. जुईनं आकड्यांकडं बघितलं आणि तिचे ओठ मिटले.

मी बाकाखाली माझ्या मांडीवर हलकी थाप मारली. जुईनं माझ्याकडं बघितलं. मग कागदाकडं.

"मा, झी. आ, जी," ती वाचायला लागली. "माझी आजी खेड्यात राहते." हळू. फार हळू. शेजारच्या बाकावरचा मुलगा तेवढ्यात अर्धं पान संपवून बसला होता. "आजी आता थकली आहे." थाप. थाप. "आजीला वाचता येत नाही."

तिथं ती थांबली. मी समोरून ती ओळ वाचत होते, माझ्या बाजूनं. आकडे पळत होते.

"पुढं वाच ना जुई," मॅडम हळूच म्हणाल्या. "छान वाचतेयस. वेळ जातोय."

जुईनं ती ओळ पुन्हा वाचली, मनात. तिच्या कपाळावर तीच आठी आली जी मी शेगडीपलीकडून आईच्या कपाळावर पाहिली होती. मग तिनं मान वर केली.

"मॅडम, पेन्सिल आहे?"

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि आपली पेन्सिल पुढं सरकवली.

जुईनं 'येत नाही'वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, येतं. मग थोडा विचार करून पुढं लिहिलं, उलटंपण.